जुन्या मेमरी कार्डावरचा डेटा मोठ्या कार्डावर नेताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: फोनमधलं ३२ जीबीचं कार्ड भरलंय, १२८ जीबीचं नवीन घेतलंय, फोनमध्ये कार्डासाठी जागा एकच आहे. कार्डावर फोटो, व्हिडिओ, गाणी आहेत आणि काही ॲपसुद्धा हलवलेली आहेत. सगळं जसंच्या तसं नव्या कार्डावर कसं न्यायचं, आणि फोनला ते पूर्वीसारखंच दिसेल का?

फोटो, व्हिडिओ, गाणी, कागदपत्रं जशीच्या तशी जातील. ॲपचं तसं नाही, ती फोनमधूनच हलवावी लागतात. पण या सगळ्याच्या आधी, जुनं कार्ड फोनमधून बाहेर काढण्यापूर्वी, एक गोष्ट तपासायची आहे आणि पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. मी डेटा परत मिळवून देण्याचं काम करतो. माझ्याकडे खराब झालेली कार्डं येतात तशीच अगदी धडधाकट कार्डंही येतात, ज्यांच्यावरचा डेटा फक्त ही एक गोष्ट न पाहिल्यामुळे गेलेला असतो.

कार्ड फोनमध्ये कोणत्या पद्धतीने बसवलंय ते आधी पाहा

अँड्रॉइड ६.० पासून, म्हणजे २०१५ पासून, कार्ड दोन पद्धतींनी वापरता येतं. एक पोर्टेबल: कार्ड पेन ड्राइव्हसारखं वेगळं राहतं, काढून कुठेही वाचता येतं. दुसरी इंटरनल: फोन ते कार्ड स्वतःच्या मेमरीचाच भाग करून टाकतो. दुसऱ्या पद्धतीत कार्ड एन्क्रिप्ट केलं जातं, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असं कुलूपबंद होतं, आणि ती किल्ली फोनमध्ये राहते. असं कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं की विंडोज विचारतं, ‘डिस्क फॉरमॅट करायची का?’ तिथे ‘हो’ म्हटलं की संपलं. ‘नाही’ म्हणा, कार्ड शांतपणे काढा, परत फोनमध्ये घाला. सगळं तिथेच असतं.

बऱ्याच कंपन्यांनी इंटरनलची सोय आपल्या फोनमध्ये दिलेलीच नाही, त्यामुळे तुमचं कार्ड पोर्टेबल असण्याची शक्यता जास्त. तरी सेटिंग्जमध्ये स्टोरेज उघडून खात्री करा. कार्डाचं नाव वेगळं दिसत असेल, त्यावर टॅप केल्यावर फोल्डर उघडत असतील आणि काढण्यासाठी ‘इजेक्ट’ किंवा ‘अनमाउंट’ असेल, तर ते पोर्टेबल.

इंटरनल निघालं तर रस्ता वेगळा आहे. अशा कार्डावरच्या फाइल कार्ड रीडरने, म्हणजे कार्ड कॉम्प्युटरला जोडणाऱ्या छोट्या उपकरणाने, कॉपी करता येत नाहीत आणि पूर्ण कार्डाची नक्कल करूनही सहसा निभाव लागत नाही. कार्ड फोनमध्येच ठेवून आधी फोटो-व्हिडिओ केबलने कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. मग कार्डावरची ॲप एकेक करून फोनच्या मेमरीत आणा. उरलेलं ‘मायग्रेट डेटा’ने फोनकडे ओढा. फोनमध्ये तेवढी जागा नसेल तर जी ॲप पुन्हा डाउनलोड करता येतात आणि ज्यांचा डेटा तुमच्या खात्यात जपलेला असतो, ती सरळ काढून टाका. हे सगळं झाल्यावरच जुनं कार्ड काढायचं. आणि तोवर ‘फॉरगेट’ नावाच्या बटणाला हात लावायचा नाही. त्या बटणाने फोनमधली किल्ली पुसली जाते. कार्डावर डेटा असतो, पण तो उघडणारं जगात कुणी उरत नाही. माझ्याकडची सगळी अवजारं तिथे निरुपयोगी ठरतात.

तिसरा एक प्रकार अधूनमधून भेटतो. काही फोनमध्ये सिक्युरिटीच्या सेटिंगमध्ये ‘एन्क्रिप्ट एसडी कार्ड’ असतं आणि कधीतरी ते चालू केलेलं असतं. अशा कार्डावर फाइलची नावं कॉम्प्युटरवर दिसतात, पण एकही फोटो उघडत नाही. फोनमध्येच ते ‘डिक्रिप्ट’ करून घ्यायचं आणि मगच पुढे जायचं.

इथून पुढे कार्ड पोर्टेबल आहे असं धरतो. ॲप कार्डावर हलवली असतील तर सेटिंग्जमध्ये प्रत्येक ॲपच्या स्टोरेजमध्ये जाऊन ती फोनवर परत आणा. त्यांचा कार्डावरचा भाग त्या फोनपुरताच बांधलेला असतो, फाइल म्हणून कॉपी केला तर फोन तो ओळखत नाही. नवीन कार्ड बसल्यावर पुन्हा हलवता येतील, पण माझं मत विचाराल तर हलवू नका. कार्ड फोनच्या मेमरीपेक्षा बरंच हळू असतं, आणि कार्ड गेलं की ॲपही अडतं.

नवं कार्ड आधी तपासा, मग भरा

नव्या कार्डावर १२८ जीबी छापलंय म्हणून आत तेवढी जागा असेलच असं नाही. नकली कार्डं भरपूर फिरतात. त्यांची तऱ्हा समजून घेण्यासारखी आहे. आत खरी मेमरी समजा १६ जीबीची असते, पण कार्डातल्या कंट्रोलरला, म्हणजे मेमरीचा कारभार पाहणाऱ्या चिपला, फोनला ‘मी १२८ जीबीचं आहे’ असं सांगायला लावलेलं असतं. पहिले १६ जीबी भरेपर्यंत काहीच कळत नाही. त्यानंतर जे लिहाल ते एकतर हवेत जातं, नाहीतर आधीच्या डेटावर लिहिलं जातं. वाईट भाग असा की फाइलची यादी बहुतेक वेळा खऱ्या मेमरीत असल्यामुळे नावं, आकार, तारखा सगळं व्यवस्थित दिसतं. उघडायला गेलं की फोटो अर्धा राखाडी असतो किंवा उघडतच नाही. तोपर्यंत जुनं कार्ड पुसून दुसऱ्या कुणाला दिलेलं असतं.

यावर उपाय सोपा आहे, फक्त वेळ खातो. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्स किंवा मॅकवर एफ३ ही मोफत साधनं आहेत. ती पूर्ण कार्ड खुणेच्या डेटाने भरतात आणि तोच परत वाचून जुळवतात. १२८ जीबीच्या कार्डाला काही तास लागू शकतात. रात्री लावून झोपा. कार्ड रिकामं असतानाच ही चाचणी करायची. ज्याचा निकाल स्वच्छ आला नाही ते कार्ड परत करा, ‘थोडंच वापरीन’ असा विचार करू नका.

कार्ड ११९ जीबी दिसतंय म्हणून मात्र घाबरू नका. कंपनी एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, विंडोज १०२४च्या पटीत मोजतं. म्हणून १२८चं साधारण ११९ आणि ३२चं साधारण २९.८ दिसतं. यात फसवणूक नाही.

आणखी एक गोष्ट घेण्याआधीच पाहायला हवी होती, पण अजून वेळ गेलेली नाही. ३२ जीबीपर्यंतची कार्डं एसडीएचसी जातीची, त्यावर फॅट३२ ही फाइल व्यवस्था, म्हणजे फाइल मांडून ठेवण्याची पद्धत, असते. त्याच्या वरची, २ टीबीपर्यंतची, एसडीएक्ससी आणि त्यावर एक्सफॅट. दिसायला दोन्ही सारखीच. जुना फोन, जुना कॅमेरा किंवा जुना कार्ड रीडर फक्त एसडीएचसीपर्यंतचाच असेल तर नवं कार्ड ‘करप्ट’ आहे असं तो सांगेल, आणि कार्डात काहीच खोट नसेल. फोनच्या माहितीपत्रकात कमाल किती जीबीचं कार्ड चालतं ते लिहिलेलं असतं. कॉम्प्युटरने कार्ड वाचलं नाही तर कार्डावर शंका घेण्याआधी दुसरा रीडर लावून पाहा.

एक्सफॅटचा फायदाही आहे. फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही, त्यामुळे लांब व्हिडिओचे तुकडे पडतात. नव्या कार्डावर ती अडचण राहणार नाही.

चाचणी झाल्यावर कार्ड ज्या उपकरणात वापरायचं त्याच उपकरणात फॉरमॅट करा. तुमच्या बाबतीत फोनमध्ये, पोर्टेबल म्हणून.

कॉपी करताना

मधला टप्पा म्हणून कॉम्प्युटर घ्या. जुन्या कार्डावरून आधी कॉम्प्युटरवर, आणि तिथून नव्या कार्डावर. दोन रीडर असतील तर थेट एका कार्डावरून दुसऱ्यावरही जाईल, पण मला मधला थांबा हवाच असतो. कारण असं केल्याने काम चालू असताना एकाच डेटाच्या दोन प्रती कायम राहतात, आणि शेवटी तीन.

फोनला केबल लावून कॉपी करण्यापेक्षा कार्ड बाहेर काढून रीडरमध्ये घाला. केबलवर फोन एमटीपी नावाच्या पद्धतीने बोलतो. ती हळू चालते, मोठ्या कामात मध्येच तुटते, लपवलेल्या फाइल दाखवेलच असं नाही, आणि फोनकडे उलट पाठवताना बहुतेक वेळा फाइलची तारीख आजची करून टाकते. कार्ड काढताना आधी सेटिंग्जमधून ‘अनमाउंट’ करा किंवा फोन बंद करा.

मायक्रोएसडी कार्ड ज्या मोठ्या ॲडॉप्टरमध्ये बसतं त्याच्या बाजूला एक छोटी सरकपट्टी असते. जुनं कार्ड घालताना ती ‘लॉक’कडे सरकवा. मग रीडर त्या कार्डावर काही लिहू देत नाही आणि चुकून डिलीट किंवा फॉरमॅट होण्याचा प्रश्न मिटतो. पट्टी फक्त यांत्रिक आहे, तिचा मान राखणं रीडरच्या हातात असतं, पण बहुतेक रीडर तो राखतात.

कॉम्प्युटरवर ‘जुनं कार्ड’ असं एक फोल्डर करा, लपवलेल्या फाइल दिसण्याची सेटिंग चालू करा आणि सगळं निवडून कॉपी करा. कट नाही. कट-पेस्ट करताना मध्येच केबल हलली किंवा वीज गेली तर काही फाइल इकडे, काही तिकडे, आणि एखादी नव्या ठिकाणी अर्धीच, अशी अवस्था होते. वाचलेला एकेक मिनिट तिथे फार महाग पडतो.

काय न्यायचं आणि काय सोडायचं? ‘डीसीआयएम’ म्हणजे कॅमेऱ्याचे फोटो, ‘पिक्चर्स’, ‘मूव्हीज’, ‘म्युझिक’, ‘डाउनलोड’ आणि तुम्ही स्वतः केलेले फोल्डर हे सगळं न्या. ‘लॉस्ट.डीआयआर’ फोल्डरमध्ये फोनला सापडलेले तुटके तुकडे असतात, नव्या कार्डावर त्यांची गरज नाही. ‘थंबनेल्स’ची लपवलेली फोल्डरही सोडा, फोन ती पुन्हा बनवतो. ‘अँड्रॉइड’ फोल्डर कॉम्प्युटरवर जरूर उतरवून ठेवा, पण नव्या कार्डावर आंधळेपणाने टाकू नका. त्यात ॲपनी स्वतःसाठी ठेवलेल्या गोष्टी असतात. काही ॲपची तुम्हाला हवी असलेली रेकॉर्डिंग किंवा नोंदी तिथेच पडलेल्या असतात, म्हणून ते फोल्डर उघडून एकदा चाळा आणि कामाचं तेवढं बाहेर काढून घ्या. गाण्यांच्या किंवा चित्रपटांच्या ॲपमधून ऑफलाइन पाहण्यासाठी उतरवलेलं मात्र कॉपी करून चालणार नाही. ते त्या ॲपच्या कुलपात असतं, नव्या कार्डावर पुन्हा डाउनलोड करावं लागतं.

व्हॉट्सॲपबद्दल गैरसमज फार आहे. त्याचे फोटो कार्डावर नसतातच, फोनच्या मेमरीत असतात. कार्डावर असतील ते तुम्ही स्वतः कधीतरी हलवलेले. कार्ड बदलल्याने चॅटला काही होत नाही.

तारखांचं एक बारीक काम आहे, ज्यांच्याकडे जुने फोटो खूप त्यांनी हे नीट वाचावं. कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोच्या आतच काढल्याची तारीख असते, ती कॉपी करून बदलत नाही. पण व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंमधून ही आतली माहिती निघून गेलेली असते, आणि स्क्रीनशॉट किंवा स्कॅन केलेल्या चित्रांमध्येही ती बहुधा नसते. अशा फोटोंना गॅलरी फाइल बदलल्याच्या तारखेवरून लावते. ती तारीख एकदा आजची झाली की दहा वर्षांचे फोटो एका दिवसाखाली ढीग होऊन बसतात. रीडरमधून साधी कॉपी केली तर विंडोज ती तारीख जपतं. बदलते ती एमटीपीमुळे, किंवा फोनमधल्या काही फाइल मॅनेजरमुळे. रीडरचा आग्रह मी मुख्यतः यासाठीच धरतो.

पोहोचलं की नाही, ते कसं कळणार

कॉपीची पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत गेली म्हणजे काम झालं, असं नाही. आधी दोन्हीकडच्या फोल्डरचे ‘प्रॉपर्टीज’ उघडा आणि फाइलची संख्या व एकूण बाइट जुळवा. इथे एका ठिकाणी लोक अडतात: ‘साइझ’ जुळतो, पण ‘साइझ ऑन डिस्क’ नव्या कार्डावर बराच जास्त दिसतो. तो जास्तच दिसणार. कार्डावर जागा ठरावीक तुकड्यांमध्ये दिली जाते, आणि मोठ्या एक्सफॅट कार्डावर हा तुकडा सहसा १२८ केबीचा असतो. पाच केबीची छोटी फाइलसुद्धा पूर्ण १२८ केबी अडवते. जुळवायचा तो फक्त ‘साइझ’.

बाइट जुळले तरी आतला मजकूर जुळलाच असं सिद्ध होत नाही. त्यासाठी टेराकॉपीमध्ये ‘व्हेरिफाय’ आहे, फ्रीफाइलसिंकमध्ये मजकुरावरून तुलना आहे, लिनक्स-मॅकवर आरसिंकला चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) लावून चालवता येतं. एकच काळजी: तुलना करण्याआधी नवं कार्ड ‘सेफली रिमूव्ह’ने काढा आणि पुन्हा घाला. नुकतं लिहिलेलं कॉम्प्युटरच्या रॅममध्ये साठवलेलं असतं आणि तुलना करणारा प्रोग्रॅम कार्डाऐवजी तिथूनच वाचतो. मग कार्ड खराब असलं तरी निकाल चोख येतो.

आणि यंत्राचं झाल्यावर स्वतःच्या डोळ्यांनीही पाहा. सगळ्यात जुना फोटो, सगळ्यात मोठा व्हिडिओ शेवटपर्यंत पुढे सरकवून, आणि मधल्या फोल्डरमधली चार-दोन चित्रं.

फोनमध्ये घातल्यावर

आता दुसरा प्रश्न, पूर्वीसारखं दिसेल का. गॅलरी आणि म्युझिक प्लेअर कार्ड नव्याने चाळतात, तोवर थोडं रिकामं दिसेल. हजारो फोटो असतील तर वेळ लागतो, फोन चार्जिंगला लावून सोडून द्या. पण एक फरक पडतो. अँड्रॉइड प्रत्येक कार्डाला त्याच्या फॉरमॅटच्या वेळी मिळालेल्या क्रमांकाने ओळखतो आणि फाइलचा पत्ता त्या क्रमांकापासून सुरू होतो. नव्या कार्डाचा क्रमांक वेगळा, म्हणजे पत्ताही वेगळा. त्यामुळे फाइल त्याच फोल्डरमध्ये असूनही काही प्लेलिस्ट रिकाम्या होतात, पुस्तक वाचायच्या ॲपमधली खूण जाते, आणि ज्या ॲपला तुम्ही कार्डावरच्या एखाद्या फोल्डरची परवानगी दिली होती ते ती परवानगी पुन्हा मागतं. प्लेलिस्ट महत्त्वाच्या असतील तर जुनं कार्ड काढण्याआधीच त्या प्लेअरमधून एक्स्पोर्ट करून ठेवा.

कॅमेरा ॲप उघडून ‘स्टोरेज लोकेशन’ पाहा. कार्ड निघालं की बरेच फोन ते गुपचूप फोनच्या मेमरीवर नेतात आणि कार्ड आल्यावर परत आणत नाहीत. नवं कार्ड रिकामंच राहिलं आणि फोन भरला, ही तक्रार तिथून येते.

कॉम्प्युटर नसेल तर

फोनला ओटीजीने, म्हणजे फोनच्या चार्जिंगच्या जागेत इतर उपकरणं जोडण्याच्या सोयीने, कार्ड रीडर जोडता येत असेल तर नवं कार्ड फोनमध्ये आणि जुनं रीडरमध्ये ठेवून फाइल मॅनेजरने कॉपी करा. तेही नसेल तर फोनच्या मेमरीत मावेल तेवढं जुन्या कार्डावरून घ्यायचं, कार्ड बदलायचं, नव्यावर टाकायचं, असं फोल्डरगणिक. दोन्ही ठिकाणी कॉपीच करा. जुन्या कार्डावरून काहीही पुसायची गरज नाही, जागा फोनमध्ये मोकळी करायची आहे.

पूर्ण कार्डाची इमेज, म्हणजे एकाच फाइलमध्ये हुबेहूब नक्कल, काढून नव्यावर उतरवावी का, असंही विचारतात. फोटो-गाण्यांसाठी नको. ३२ जीबीची इमेज १२८च्या कार्डावर टाकली की नवं कार्ड ३२चंच दिसू लागतं, वर फॅट३२ राहतं, आणि उरलेली जागा वापरण्यासाठी पार्टिशन वाढवत बसावं लागतं. कार्डावरून ऑपरेटिंग सिस्टीमच चालत असेल, जसं रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरमध्ये, तिथे मात्र साधी कॉपी चालत नाही. तिथल्या सिस्टीममध्ये एसडी कार्ड कॉपीअर म्हणून साधन येतं, ते मोठं कार्ड असलं तरी नीट सांभाळतं. गाडीच्या नॅव्हिगेशनमधलं नकाशांचं कार्ड बऱ्याचदा त्या एकाच कार्डाच्या ओळख क्रमांकाला बांधलेलं असतं. त्याची कितीही हुबेहूब नक्कल केली तरी गाडी ती नाकारू शकते.

कॅमेऱ्याच्या कार्डाला वरचंच सगळं लागू आहे. फक्त व्हिडिओ ज्या ‘प्रायव्हेट’ नावाच्या फोल्डरमध्ये असतात त्याची आतली रचना तोडू नका, आणि जुने फोटो नव्या कार्डावर नेण्यापेक्षा कॉम्प्युटरवर ठेवून कार्ड रिकामं वापरा.

कॉपी मध्येच अडली तर

एखाद्या फाइलवर कॉपी थांबते, कार्ड एकदम नाहीसं होतं, किंवा वेग अचानक शून्याजवळ जातो. एकदा दुसरा रीडर लावून पाहा. तरीही तसंच झालं तर थांबा. पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका, ‘स्कॅन अँड फिक्स’ला ‘हो’ म्हणू नका, त्या कार्डावर नवा फोटोही काढू नका. कार्ड दुरुस्त करणारे प्रोग्रॅम फाइल व्यवस्थेला एकसंध करतात, तुमच्या फाइल वाचवणं हे त्यांचं काम नाही. त्या भरात ते फाइलच्या नोंदी कापून टाकतात.

अशा वेळी आधी जीएनयू डीडीरेस्क्यूने कार्डाची इमेज काढायची. ते आधी जे सहज वाचता येतं ते उचलतं आणि हट्टी भाग शेवटी घेतं, त्यामुळे कार्ड मध्येच दगावलं तरी बहुतेक डेटा हातात आलेला असतो. पुढचा शोध कार्डावर नाही, त्या इमेजवर. फोटोरेक हे मोफत साधन त्यातून चित्रं आणि व्हिडिओ ओळखून काढतं, मात्र फाइलची मूळ नावं आणि फोल्डर परत मिळत नाहीत. कार्ड रीडरला दिसतच नसेल तर घरी करण्यासारखं काही उरत नाही, तज्ज्ञाकडे द्या.

जुन्या कार्डाचं काय

नवं कार्ड महिनाभर रोजच्या वापरात राहू द्या, तोवर जुनं तसंच बाजूला ठेवा. कायमचा बॅकअप म्हणून मात्र त्यावर विसंबू नका. फ्लॅश मेमरीतला विद्युतभार वीज न मिळता पडून राहिला की हळूहळू ओसरतो, आणि जुनं, बरंच वापरलेलं कार्ड त्यात आधी हार मानतं. कॉम्प्युटरवरची ती ‘जुनं कार्ड’ प्रत एखाद्या हार्ड डिस्कवर हलवा.

कार्ड कुणाला देणार असाल तर क्विक फॉरमॅट पुरेसं नाही. त्याने फक्त यादी कोरी होते, फोटो जागेवर राहतात आणि फोटोरेक ते काढू शकतं. फॉरमॅट करून झाल्यावर नव्या कार्डासाठी वापरलेलं तेच एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ जुन्यावर पूर्ण चालवा. कार्ड काठापर्यंत खुणेच्या डेटाने भरलं की घरच्या साधनांनी जुनं काही निघत नाही, आणि त्याच फेरीत ते कार्ड अजून देण्याच्या लायकीचं आहे का तेही कळतं.